चेटकिणीचा वाटा

शहापूरला मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीणबाईंनी नाव, गाव, जात, लग्न यांतलं काहीच विचारलं नाही. उंबऱ्यातच उभं करून त्या म्हणाल्या, "वेढा पडला तर पळशील का?"

मी जनावरांची डॉक्टर. नुकतीच नोकरी लागलेली, कोल्हापूरकडून आलेली. मला वाटलं, वेढा हा इकडे एखाद्या साथीचा नाहीतर पुराचा शब्द असावा. मी म्हटलं, नाही पळणार. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कनवटीची किल्ली काढून हातात दिली आणि आत चहा ठेवायला गेल्या. भाड्याचं बोलणं दुसऱ्या दिवशी झालं. तोवर मी सामान लावूनही टाकलं होतं.

वेढा म्हणजे उन्हाळा, हे मला एप्रिलात कळलं. नळाचं पाणी कमी कमी होत बंदच झालं, तेव्हा काकींच्या माजघरात हंडे, कळश्या, पिंपं, जुनी दुधाची कॅन, इतकंच काय लोणच्याच्या रिकाम्या बरण्याही पाण्याने भरलेल्या होत्या. "गड तोफेनं पडत नाय," त्या म्हणाल्या, "पान्यानं पडतो." रोज सकाळी त्या हंड्यांवरून अशा फिरायच्या की वाटावं, किल्लेदार तटावरून फेरी मारतोय. मला अंघोळीला किती तांबे मिळणार हे त्या माझ्या आदल्या दिवशीच्या वागणुकीवरून ठरवायच्या.

सगळे त्यांना काकी म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांचे यजमान भातसानगरला धरणावर नोकरीला होते, तिथल्या वसाहतीत काकींचं अर्धं आयुष्य गेलं. वसाहतीत करमणुकीचा एक हॉल होता. कॅरमचा बोर्ड, एक बंद पडलेला टीव्ही आणि एक पुस्तकांचं कपाट. माणसं कमी झाली तशी तो हॉल बंद करायचं ठरलं आणि पुस्तकं रद्दीत निघाली. काकी तेव्हा रद्दीवाल्याच्या टेम्पोपुढे जाऊन उभ्या राहिल्या म्हणे. पुस्तकांसाठी नव्हे, त्यांना कपाट हवं होतं. चांगलं सागवानी होतं. रद्दीवाला म्हणाला, कपाट न्यायचं तर आतला माल पण न्या, मला उतरवत बसायला वेळ नाही. असा तो माल घरी आला.

त्या कपाटात कोणी काय ठेवावं याला काही धरबंध नव्हता. एक खण सगळा कायद्याचा: जमीन, वारसा, कूळ, भाडं, वहिवाट. एक खण जुन्या इतिहासाचा: सुलतान, वेढे, तह, खलिते, किल्लेदारांची भांडणं. आणि खालच्या खणात जादूच्या कादंबऱ्यांचे जाडजूड भाषांतरित भाग, ज्यांत राक्षस बोलायचे, डोंगर चालायचे आणि राण्यांना पंख असायचे. काकींची शाळा सातवीत सुटलेली. नवरा गेल्यावर घर खायला उठलं तेव्हा त्यांनी वरच्या खणापासून वाचायला सुरुवात केली आणि खाली पोचल्या की पुन्हा वर. कोणी मध्ये सांगितलंच नाही की ही तीन वेगळ्या जातीची पुस्तकं आहेत. त्यांच्या लेखी ते एकच चालू होतं.

वाचण्याच्या वेळा मात्र ठरलेल्या. अंघोळ झाली की कायदा, तोही उपाशी पोटी, कारण भरल्या पोटी कलमं डोक्यात शिरत नाहीत. दुपारी जेवून आडवं पडलं की इतिहास. लढाया वाचल्या की भात पचतो, असं त्यांचं म्हणणं. दिवेलागणीला जादू. बोट ठेवून, मोठ्याने, एका सुरात वाचायच्या. माझ्या खोलीची भिंत पातळ होती, त्यामुळे त्या वर्षांत माझंही बरंच वाचन झालं. अजूनही एखादी गाय अडली की मला मधूनच कुळाच्या मुदती आठवतात.

आमचा भाडेकरार त्यांनी स्वतः लिहिला. वर मथळा होता, 'तहनामा'. दोन्ही पक्षांनी एकमेकांच्या मुलखातली कपडे वाळत घालायची दोरी ओलांडू नये. भाडेकरूने घरातल्या कालवणाची बातमी शेजारी पोचवू नये, पोचवल्यास ती फितुरी समजण्यात येईल. घरमालकीण आजारी पडल्यास भाडेकरूने औषध द्यावे, मग ते जनावरांचे असले तरी चालेल. या शेवटच्या कलमावर मी हरकत घेतली. काकी म्हणाल्या, "म्हशीला बरं वाटतं, मला काय धाड भरलीय?"

शेजारच्यांशी त्यांचं शेवग्याच्या झाडावरून वैर होतं. झाड त्यांचं, फांदी आमच्या अंगणात. काकी वर्षानुवर्षं त्या फांदीच्या शेंगा हक्काने काढायच्या. एका सकाळी वरच्या खणातल्या कुठल्याशा पुस्तकात त्यांना असं सापडलं की फांदी आपल्या हद्दीत आली तरी फळ झाडवाल्याचंच. मला दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं, पण मी डोळ्यांनी पाहिलं: काकींनी डोक्यावर पदर घेतला, शेजारच्यांच्या दारात गेल्या आणि आपण हरलो असं जाहीर केलं. आदल्या दिवशी काढलेल्या शेंगा परत करायच्या होत्या, पण त्यांची आमटी झालेली होती. तेव्हा त्यांनी आमटीचं पातेलंच परत केलं. शेजारच्या वहिनी गोंधळून पातेलं घेऊन आत गेल्या. त्या दिवशी आम्ही दोघींनी ताकाशी भात खाल्ला आणि काकी फार खुशीत होत्या.

जादूच्या कादंबऱ्यांमधली एक चेटकीण त्यांची विशेष आवडती. तिने एक अख्खी नदी मडक्यात कोंडून ठेवली होती आणि सगळं राज्य तिच्यावर चाल करून आलं होतं. लेखकाच्या मते ती दुष्ट होती. काकींना हे मुळीच मान्य नव्हतं. "कोंडनार नाय तर काय करील?" त्या म्हणाल्या. "मुंबैला जाऊ देईल?" धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि पायथ्याच्या गावांना टँकरची वाट बघावी लागते अशा तालुक्यातलं हे मत होतं, मी वाद घातला नाही.

त्या मालिकेचा शेवटचा भाग कपाटात नव्हता. वसाहतीतल्या कोणीतरी नेला आणि परत केलाच नाही. एकदा मी ठाण्याला गेले होते तेव्हा फार शोधाशोध करून तो भाग त्यांच्यासाठी आणला. काकींनी पुस्तक हातात घेतलं, पाठपोट बघितलं आणि माझ्याकडे परत दिलं. शेवट त्यांनी कधीच ठरवून टाकला होता. "आता ह्याला कशाला विचारायचं?" त्या म्हणाल्या. मग तो भाग मीच वाचला. खरं सांगायचं तर काकींचा शेवट बरा होता.

त्यांचं एक वाक्य होतं, कायदा म्हणजे घराचं दार, इतिहास म्हणजे त्या दारातून कोण कोण पळालं ते, आणि जादू म्हणजे जिथं दार नाही तिथून जाणं. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडायचं की दूधवाल्यालाही त्यांनी ते दोनदा ऐकवलं होतं. तो म्हणाला, काकी, पिशवी घ्या.

हे सगळं हसण्यावारी न्यायचे दिवस चालू असताना एक दिवस त्यांचे थोरले भाऊ आले.

काकींचं माहेर मुरबाडच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. दोन भाऊ, एक त्यांच्याहून मोठा, एक धाकटा. आईवडील लवकर गेले, थोरल्याने दोघांना वाढवलं. काकींचं लग्न त्यानेच लावून दिलं. त्यामुळे दादा आला म्हटल्यावर काकी कायद्याचं पुस्तक उपडं टाकून उठल्या, तांदळाच्या भाकरी थापल्या, सुकट केली, गावातल्या एकेका म्हशीची नावानिशी चौकशी केली. दादांनी हात धुतले आणि पिशवीतून एक जरीकाठी साडी आणि काही कागद काढले.

जमिनीला गिऱ्हाईक आलं होतं. सगळी जमीन एकदम हवी होती, तिथे फार्महाऊसचे प्लॉट पडणार होते. सातबाऱ्यावर बहिणीचंही नाव लागलेलं, तेव्हा तिने हक्क सोडल्याची सही करायला मुरबाडच्या रजिस्टर कचेरीत यायचं होतं. दादा काही वाईट माणूस नव्हता. गुडघे गेले होते, मुलगा कल्याणला टेम्पो चालवत होता आणि चिखलात उतरायचं नाव काढत नव्हता. त्यांच्या गावात सगळ्या बहिणी सही करत आणि साडी घेऊन घरी जात. त्यात मागण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

काकी म्हणाल्या, वाचून सांगते.

"त्याच्यात वाचायचं काय?" दादांनी विचारलं. रागाने नव्हे, खरोखरच न कळून.

काकींनी तो कागद सकाळी वाचला, दुपारी वाचला, दिवेलागणीला वाचला. मी गमतीने विचारलं की हा कुठल्या खणातला. त्या हसल्या नाहीत. मला वाटलं, त्या सही करतील. दादावर त्यांचा फार जीव होता. 'दादानं मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं' हे त्या महिन्यातून एकदा तरी सांगायच्याच.

मग धाकट्या भावाची बायको आली. नवे तांदूळ द्यायचं निमित्त करून एसटीने आली होती. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली, चहा घेतला, तांदूळ कुठल्या खाचरातले ते सांगितलं, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाली, "वन्सं, सही नका करू."

जमीन कसत होता धाकटा. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचं नव्हतं. पण ज्या भावाने बापासारखं वाढवलं त्याच्यासमोर त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. गिऱ्हाईक आल्यापासून तो नीट जेवत नव्हता. बायको हे सांगताना रडली नाही, नुसती पदराचं टोक दुमडत राहिली.

काकींनी विचारलं, तू आलीयस हे त्याला ठाऊक आहे का. ती म्हणाली, नाही.

"मंग तू आलीच नाय," काकी म्हणाल्या. माझ्याकडे वळल्या. "आनि वैद, तू पन काय ऐकलं नाय."

ठरलेल्या दिवशी दादांनी जीप पाठवली. काकींनी ती रिकामीच परत पाठवली, समोरच्या पक्षाच्या पालखीत बसून बोलणी करायला जायचं नसतं म्हणून. त्या माझ्या स्कूटरवर मागे बसल्या, मांडीवर साडीची पिशवी, आणि आम्ही मुरबाडच्या रस्त्याला लागलो. मी रजा टाकली होती.  किन्हवलीच्या पुढे एका वळणावर त्या म्हणाल्या, हळू चालव, मला पोचायची घाई नाही.

कचेरीबाहेर झाडाखाली सगळे जमले होते. दादा, धाकटा, कागद लिहिणारा आणि गिऱ्हाइकाचा माणूस. हा माणूस काकींना आंटी म्हणत होता. आंटी, फक्त फॉर्मॅलिटी आहे, दोन मिनिटांचं काम, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. काकींनी खुर्ची मागितली, बसल्या आणि त्याला एका किल्लेदाराची गोष्ट सांगायला लागल्या.

किल्लेदार शूर होता, गडावर धान्य होतं, पाणी होतं. शत्रूला काही केल्या गड मिळेना. मग शत्रूने मानाचा पोशाख पाठवला. नुसता पोशाख, बाकी काही नाही. इथपर्यंत ठीक होतं. पण काकी घाबरलेल्या होत्या, आणि घाबरल्या की त्यांचे खण एकमेकांत मिसळायचे. किल्लेदाराने पोशाख अंगावर घातला तेव्हा त्याला दिसेनासं झालं, तटाखालचा राक्षस जागा झाला आणि त्याने विचारलं, वहिवाट कोणाची. कागद लिहिणारा चष्मा काढून ऐकत बसला. गिऱ्हाइकाचा माणूस आधी मोबाइल बघत होता, राक्षस आल्यावर त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि पुढे काय झालं म्हणून विचारलं. काकी म्हणाल्या, पुढचा भाग सापडला नाही. धाकट्याच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं.

दादा मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "बाय, सही करतेस का नाय?"

काकींनी पिशवीतली साडी काढली आणि घडी न मोडता त्यांच्या मांडीवर ठेवली. "नाय," त्या म्हणाल्या. "मला माजा वाटा पायजे."

 मी काकींकडे बघत होते. कायद्यातलं एखादं कलम त्या काढतील असं मला वाटत होतं. कलमं त्यांना तोंडपाठ होती. निदान धाकट्याचं नाव घेतील, जमीन कसणाऱ्याला विचारा म्हणतील. त्यांनी त्याच्याकडे नजरही वळवली नाही. हावरट बहीण म्हणून त्या ताठ बसून राहिल्या.

 दादा म्हणाले, तुला ना पोर ना बाळ, तू जमीन घेऊन काय करणार?

हे त्यांनी म्हणायला नको होतं, आणि म्हटल्याबरोबर ते त्यांनाही कळलं. काकींनी चष्म्याची दोरी सारखी केली.

"चेटकिनी काय करतात?" त्या म्हणाल्या. "बसून ऱ्हातात."

व्यवहार फिसकटला. गिऱ्हाइकाला अख्खी जमीन हवी होती, वाटणीच्या भानगडीत त्याला पडायचं नव्हतं. तो दुसऱ्या गावाकडे वळला. मुरबाडकडच्या त्या गावात काकींचं नाव चेटकीणच पडलं. मी त्या भागात जनावरं तपासायला जायची तेव्हा एका म्हाताऱ्याने मला सांगितलं की शहापूरला एक बाई आहे, तिने पुस्तकं वाचून भावाच्या घरावर करणी केली. मी त्याच्या बैलाला इंजेक्शन दिलं आणि गप्प राहिले. बोलले असते तर धाकट्याच्या बायकोचं येणं बाहेर आलं असतं.

काकींना हे नाव कळलं तेव्हा त्या खुश झाल्यासारखं दाखवत होत्या. चेटकिणीला कोणी साडी आणत नाही, ही केवढी सोय, असं म्हणाल्या. पण गौरी-गणपतीला माहेरचं बोलावणं आलं नाही. त्यांनी नारळ आणून ठेवला होता. तो नारळ तसाच कोनाड्यात राहिला आणि भिंतीपलीकडचं वाचन बंद झालं. सकाळी कायदा नाही, दुपारी लढाया नाहीत. संध्याकाळी मी घरी यायची तेव्हा त्या दिवा न लावता ओट्यावर बसलेल्या असायच्या. तहनाम्यातल्या औषधाच्या कलमाची मी त्यांना आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, तुझ्याकडे ह्याचं इंजेक्शन नाही. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांच्या घराची शांतता ऐकू आली, आणि ती ऐकवत नव्हती.

भाऊबीजेला त्यांनी पहाटे उठून सडा घातला, रांगोळी काढली, पाट मांडला. तबकात निरांजन, सुपारी, अक्षता. धाकटा दरवर्षी थोरल्याबरोबरच यायचा, त्यामुळे तोही येणार नाही हे उघड होतं. जेवणवेळ टळून गेली. रस्त्यावरून गाडी गेली की काकी उठायच्या आणि मग काहीतरी दुसरंच काम असल्यासारखं आत जायच्या. शेवटी त्यांनी तबक उचललं, निरांजन विझवून पदराखाली घेतलं आणि म्हणाल्या, "वैद, गाडी काढ."

मी म्हटलं, काकी, त्यांनी दार नाही उघडलं तर?

त्या स्कूटरवर बसत म्हणाल्या की आजच्या दिवशी बहिणीला दार न उघडणारा भाऊ अजून कुठल्याच खणात सापडलेला नाही.

गावाच्या वाटेला भाताचा पिवळा रंग चढलेला होता, बऱ्याच खाचरांत कापणी लागली होती. दादांच्या घरासमोर मी स्कूटर लावली. दादा ओट्यावर बसून विळ्याला धार करत होते. त्यांनी वर पाहिलं, काकींना पाहिलं, आणि पुन्हा धार करायला लागले. काकी अंगणातच उभ्या राहिल्या. उंबरा ओलांडायचा त्यांना धीर होत नव्हता. एवढ्या वेढ्यांची वर्णनं वाचलेली बाई तबकातल्या अक्षता उगाच सारख्या करत होती.

आतून दादांची बायको बाहेर आली.  ओट्यावर पाट आणून ठेवला, बाजूला पाण्याचा तांब्या ठेवला आणि काडेपेटी काकींच्या हातात देऊन आत गेली. दाराआड धाकट्याची बायको उभी होती, तिच्या बांगड्यांचा आवाज आला.

विळा बराच वेळ दगडावर फिरत राहिला. धार केव्हाच झाली असावी. मग दादांनी तो बाजूला ठेवला, गुडघ्यांवर हात रोवून उठले, टोपी नीट केली आणि पाटावर येऊन बसले. काकींनी पुढे होऊन निरांजन लावलं. वाऱ्याने ते एकदा विझलं. त्यांनी पुन्हा लावलं. कुंकू लावायला त्या वाकल्या तेव्हा दादांनी त्यांच्याकडे न बघता विचारलं, "सही नाय करनार म्हंजे नायच?"

"नाय," काकी म्हणाल्या.

दादांनी मान हलवली.

"मंग ओवाळ लवकर," ते म्हणाले. "धाकटा एकटाच कापतोय तिकडं, मला शेतात जायचंय."